सिबिल : न पाहिलेला सातबारा



गोखिवऱ्याच्या शेतकऱ्याला सातबारा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. कर्ज काढले की इतर हक्कात बोजा चढतो. कर्ज फेडले की बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे खेटे घालायचे, फेरफाराची वाट पाहायची आणि बोजा उतरल्याचा नवा उतारा हातात पडला की मगच सुटलो म्हणायचे, ही रीत आपल्याला पाठ आहे. बोजा आपोआप उतरत नाही, तो उतरवून घ्यावा लागतो, एवढे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेचा खाऊन शिकलो.

पण आता आपल्या प्रत्येकाच्या नावावर आणखी एक सातबारा निघाला आहे आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नाही. तो चावडीत नाही, तहसीलदाराकडे नाही. तो मुंबईतल्या एका कंपनीच्या संगणकात आहे. त्यात जमिनीचा गट नंबर नाही, माणसाची पत आहे. बँकेच्या टेबलावर त्याला 'सिबिल' म्हणतात. सोसायटीत, सोने तारण ठेवणाऱ्याकडे, टेम्पोच्या शोरूममध्ये आणि बचत गटाच्या बायकांना कर्ज देणाऱ्या कंपनीतही तोच शब्द. 'तुमचं सिबिल खराब आहे' एवढे म्हटले की साहेबाचे काम संपते आणि आपले तोंड बंद होते. काय खराब आहे, कोणी खराब केले, कधी केले, हे विचारायचे असते हेच आपल्याला ठाऊक नसते.

या जिल्हा बैठकीच्या अंकात आम्ही एवढेच सांगणार आहोत की हे विचारता येते. चुकीची नोंद दुरुस्त करून घेता येते. कायद्याने त्याला मुदत बांधून दिली आहे आणि मुदत टळली तर दिवसाला पैसे मोजायला लावले आहेत. मात्र जो लेखी मागतो त्यालाच ते मिळते.

ही चोपडी लिहितो कोण?

क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो म्हणजे सिबिल ही कंपनी २००० साली निघाली. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला आणि तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोकांच्या तोंडी पहिलीचेच नाव बसले आहे, पण वह्या चार आहेत. एका वहीत चूक दुरुस्त झाली म्हणजे चारही वह्यांत झाली असे धरून चालू नये.

या कंपन्या आपल्या मनाने काही लिहीत नाहीत. बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या त्यांना माहिती पाठवतात : कोणी किती कर्ज घेतले, हप्ता कधी भरला, किती दिवस थकला, खाते बंद झाले की चालू आहे. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान पंधरवड्याला पाठवावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो, त्याला स्कोअर म्हणतात.

म्हणजे नोंद लिहिणार देणेकरी, जपणार कंपनी, वाचणार दुसरा देणेकरी. ज्याच्याबद्दल लिहिले जाते त्याची सही यात कुठेही नाही. सातबाऱ्यावर फेरफार धरताना निदान नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते. इथे हरकत घ्यायची तर आधी आपणच जाऊन वही उघडायला हवी.

गोखिवऱ्याच्या माणसाचा पत्ता

आता आमच्या गावाचेच पाहा. गोखिवऱ्याचा माणूस आपल्या घरातून हललाही नाही आणि त्याचा पत्ता दोनदा बदलला. जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि ग्रामपंचायतीचा घर नंबर गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि 'जिल्हा ठाणे' चा 'जिल्हा पालघर' झाला. आधार कार्डावर एक पत्ता, मतदार ओळखपत्रावर दुसरा, सोसायटीच्या जुन्या कर्जप्रकरणात तिसरा. गावाचे नावही कारकून इंग्रजीत जसे सुचेल तसे लिहितो : कोणी गोखिवरे, कोणी गोखिवरा, कोणी आणखी काही.

नावांचे तर विचारूच नका. आमच्या बाजूला एकेका आडनावाची पन्नास-पन्नास घरे. आजोबाचे नाव नातवाला. पोरीचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे रेशनकार्डावर. आणि जन्मतारीख? ज्यांचे बाप शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्तरांनी '१ जून' लिहून टाकले, अशी माणसे या महाराष्ट्रात किती असतील याची मोजदाद नाही. ज्याच्याकडे पॅन कार्ड नव्हते त्याचे जुने कर्ज नाव, जन्मतारीख आणि पत्ता एवढ्यावरच ओळखायचे. मग एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, दोघेही १ जूनचे आणि दोघेही वसई तालुक्याचे, अशा दोन माणसांची खाती संगणकाने एकत्र केली तर नवल कसले?

चुका कोणकोणत्या असतात?

आपण पतअहवाल हातात घ्याल तेव्हा काय शोधायचे ते नीट ध्यानात ठेवा.

पहिली चूक : कर्ज फिटले, पण खाते 'चालू' दिसते. शेवटचा हप्ता भरला, बँकेने पुढची माहिती पाठवलीच नाही, किंवा शंभर-दोनशे रुपयांचा कसला तरी आकार खात्यावर राहिला आणि तो वर्षानुवर्षे थकबाकी म्हणून वाढत गेला. हप्त्याने घेतलेल्या मोबाइलच्या बाबतीत तरुण पोरांनी हे मुद्दाम पाहावे.

दुसरी : दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर. नामसाधर्म्याने, नाहीतर आपल्या कागदांच्या झेरॉक्स वापरून कोणी परस्पर काढलेले. आपण कधी पाहिली नाही अशा कंपनीचे नाव अहवालात दिसले तर तिथे बोट ठेवा.

तिसरी : जामीनदाराची. आपण ज्याला जामीन राहिलो त्याचे कर्ज आपल्या अहवालात दिसते, ही चूक नव्हे. जामीन म्हणजे जबाबदारीच. पण आपण सही केलीच नसेल, किंवा ते कर्ज फिटून आपली जामीनकी संपली असेल, तर ती चूक आहे.

चौथी : हंगामाची. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याचा हप्ता आणि भाताच्या खाचरावर जगणाऱ्याचा हप्ता एका मापाने मोजता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेलाही मान्य आहे. इतर कर्ज ९० दिवस थकले की अनुत्पादक ठरते, पण कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन पीक हंगाम थकल्यावर आणि लांब मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकल्यावर अनुत्पादक धरायचे असा नियम आहे. पीककर्जाचे खाते त्याआधीच खालच्या वर्गात टाकलेले दिसले तर हरकत घ्या.

पाचवी : आपत्तीची. अतिवृष्टीने पीक गेले आणि कर्जाचे पुनर्गठन झाले तर तसे लिहायला माहितीच्या नमुन्यात वेगळा खण आहे : 'नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित'. सरकारच्या आदेशाने झालेल्या पुनर्गठनाचाही निराळा खण आहे. खण आहेत, पण त्यातला योग्य तो भरायचा की नाही हे शाखेतल्या कारकुनाच्या बोटावर. त्याने आळस केला तर आभाळाच्या करणीची शिक्षा आपल्या नावावर.

कर्जमाफीची नोंद

सहावी चूक सर्वांत मोठी आणि शेतकऱ्यासाठी खास. ती कर्जमाफीची.

२००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी केली. ढोल पुष्कळ वाजले. पुढे देशाच्या महालेखापरीक्षकांनी त्या योजनेची तपासणी केली आणि मार्च २०१३ मध्ये अहवाल संसदेपुढे ठेवला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका निघाल्या. त्याहून आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. शेतकऱ्याला कर्जमुक्तीचा दाखला द्यायचा असे योजनेत लिहिले होते. ज्या ६१,७९३ खात्यांत हे पाहिले गेले त्यांतल्या २१,१८२ खात्यांत, म्हणजे तिघांतल्या एकाच्या बाबतीत, दाखला दिल्याचा कसलाही पुरावा सापडला नाही.

याचा अर्थ समजून घ्या. पैसे सरकारने बँकेला दिले. बँकेचे खाते नील झाले. आणि शेतकऱ्याच्या हाती कागद काही नाही. दहा वर्षांनी अहवालात 'राइट-ऑफ' असे दिसले तर तो कशाच्या जोरावर भांडणार?

त्यानंतर महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. पहिलीत दीड लाखापर्यंत, दुसरीत दोन लाखांपर्यंत. ज्यांना लाभ मिळाला त्यांनी आपला अहवाल काढून एक गोष्ट पाहावी : ते खाते 'बंद' दिसते, 'सेटल्ड' दिसते की 'राइट-ऑफ'? या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'बंद' म्हणजे देणे फिटले. 'सेटल्ड' म्हणजे घासाघीस करून कमी पैशात मिटवले. 'राइट-ऑफ' म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडली. बँकेने स्वतःची रक्कम खरोखर सोडली असेल तर 'सेटल्ड' लिहिणे खोटे नाही, हेही आम्ही सांगतो. पण सरकारने शेतकऱ्याच्या वतीने पैन्‌पै भरली असेल, तर बँकेने काय सोडले? तिथे 'सेटल्ड' लिहिणे म्हणजे पैसेही घ्यायचे आणि बदनामीही करायची.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे जाहीर केले होते. माफी कोणतीही असो, कुणाचीही असो, आमचे सांगणे एकच. रक्कम खात्यावर आली की बेबाकी दाखला मागा, आणि दाखला हाती पडला की अहवालात तो उतरला का ते पाहा. दाखल्याविना माफी म्हणजे पावतीविना भरणा.

वही आणि पावती

ही लढाई नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले आणि पुढे पुणे-नगर भागातल्या गावागावांत तेच घडले. इतिहास त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतो. त्या लोकांचा रोख कशावर होता? सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. खतपत्रे हिसकावली आणि जाळली. आपल्या नावावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, फेडलेले त्यात जमा धरले की नाही ते कळत नाही, आणि कोर्ट मात्र तोच कागद खरा मानते, हा त्यांचा खरा राग होता.

त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा निघाला. कागदावर आकडा आहे म्हणून न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासावा, असे त्या कायद्याने कोर्टाला सांगितले. कर्जदाराला पैसे भरल्याची लेखी पावती, सालाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज आपण बँकेत सहज पासबुक मागतो. त्या हक्कामागे सुप्याच्या बाजारातली ती आग आहे, हे विसरू नये.

आता खतपत्र जाळून भागत नाही. संगणकातला आकडा जळत नाही. पण मागणी तीच आहे : आमच्या नावावर काय लिहिले ते दाखवा, आणि चूक असेल तर खोडा.

सरकार म्हणते, सिबिल मागू नका

कोणी म्हणेल, पीककर्जाला सिबिल लागतच नाही, मग ही उठाठेव कशाला? १९ मे २०२५ रोजी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले की शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, मागाल तर गुन्हे दाखल होतील. अशीच ताकीद २०२३ सालीही दिली गेली होती. एकच ताकीद दोन वर्षांत पुन्हा द्यावी लागते, यातच सगळे आले.

आम्ही त्या ताकिदीचे स्वागत करतो. पण तिच्यावर विसंबून राहू नका. एक तर ती पीककर्जापुरती आहे. गोखिवऱ्यात आज नुसत्या भातावर जगणारे घर शोधावे लागेल. शेतजमिनीच्या कडेला गाळे उभे राहिले. एक भाऊ खाचरात, दुसरा गाळ्यात कामाला, पोरगा रिक्षा चालवतो, सून बचत गटात. टेम्पो, दुभत्या जनावरांचे कर्ज, पोरीच्या शिक्षणाचे कर्ज, घराची दुरुस्ती, या सगळ्यांना ती नोंद आडवी येते. आणि दुसरे, ताकीद तोंडी असते, नकारही तोंडी असतो. 'साहेब बाहेर गेलेत, पुढच्या आठवड्यात या' असे म्हणणाऱ्यावर गुन्हा कसा नोंदवणार?

चुकीच्या नोंदीची किंमत काय पडते त्याचा हिशेब करा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शेकडा ७ ने मिळते. वेळेवर फेडले तर केंद्राच्या सवलतीने ते ४ वर येते आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलतीने शून्यावर. ते दार बंद झाले आणि तेच एक लाख बाहेरून शेकडा २४ ने उचलावे लागले, तर वर्षाला २४ हजार रुपये गेले. अंगठ्याएवढी चूक आणि हाताएवढा दंड.

दुरुस्ती कशी करायची

आता कामाचे बोलू.

एक. अहवाल काढा. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने दर वर्षी एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार अहवाल. कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून काढा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा, पाच-दहा मिनिटांचे काम आहे. बँकेने अहवाल पाहून अर्ज नाकारला असेल तर तो पाहिलेला अहवाल ठरलेली फी भरून बँकेकडे मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने दिला आहे.

दोन. छापून घ्या आणि चुकीच्या ओळीखाली रेघ मारा. अहवालावर एक नंबर असतो, त्याला कंट्रोल नंबर म्हणतात. तो तक्रारीत लागतो.

तीन. पुरावा जोडा. बेबाकी दाखला, शेवटच्या भरण्याची पावती, खात्याचा उतारा, कर्जमुक्ती यादीतले नाव. दुसऱ्याचे कर्ज असेल तर पॅन, आधार आणि 'हे कर्ज मी घेतलेले नाही' असे स्पष्ट निवेदन. परस्पर काढलेले असेल तर पोलिसांत लेखी तक्रार आणि तिची पोच.

चार. तक्रार दोन्हीकडे करा : पतमाहिती कंपनीकडे आणि ज्या बँकेने नोंद पाठवली तिच्याकडे. कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही, म्हणून बँकेला सोडून चालत नाही. अर्ज लांबलचक नको. कोणते खाते, काय लिहिले आहे, खरे काय आहे, कोणता पुरावा जोडला आहे, एवढ्या चार ओळी पुरे. आपला खाते क्रमांकही द्या, भरपाई त्यात जमा होते. दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'ठेवून जा, बघतो' हे उत्तर नव्हे.

पाच. दिवस मोजा. पहिल्या तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यात बँकेने आपली सुधारित माहिती २१ दिवसांत कंपनीकडे पाठवायची. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २६ ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने उशीर केला तर बँक देणार, कंपनीने केला तर कंपनी देणार. तक्रार मिटल्यावर पाच कामाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात पडायला हवी. दोन महिने जादा लावले तर सहा हजार रुपये होतात. ही भीक नव्हे, दंड आहे. तक्रार फेटाळली तर कारणही कळवावे लागते. मात्र नुसता स्कोअर कमी का, एवढ्याच वादाला ही भरपाई नाही. नोंदीतली चूक दाखवावी लागते.

सहा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्या आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्याच्या कक्षेत आल्या. चौकशीचा फोन १४४४८. संगणक नको असेल तर साध्या टपालाने : रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. फी नाही, वकील नको. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि ३० दिवस झालेले असावेत, किंवा मिळालेले उत्तर पटलेले नसावे.

आणि एक इशारा. 'दोन हजार द्या, महिन्यात सिबिल आठशे करून देतो' म्हणणारे दलाल आता बँकांच्या आसपास दिसू लागले आहेत. खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही आणि खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत. मग दोन हजार कशाचे? त्यांना आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला आकडा देऊ नका. एक नोंद पुसायला जाल आणि दुसरे कर्ज नावावर घेऊन याल.

आम्ही हिशेबाला भीत नाही

बँकवाले म्हणतात, ठेवीदारांचा पैसा आहे, नोंद नको कशी? आम्ही नोंद नको म्हणतच नाही. खरी नोंद गरिबाच्या फायद्याची आहे. ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन नाही, त्याच्याकडे वेळेवर फेडल्याचा इतिहास हीच गहाणवट. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाशिवाय द्यायचे ठरले आहे. तिथे चांगली नोंद कामाला येईल. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही एवढ्यावर फेटाळू नये, असेही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि खरोखर थकलेले कर्ज अहवालात दिसत असेल तर त्यावर तक्रार करून उपयोग नाही. ते का थकले, भाताला भाव काय मिळाला, हा वेगळा लढा आहे आणि तो आपण लढतोच आहोत. त्या लढ्यात खोट्या तक्रारी घुसडल्या तर खऱ्या तक्रारींचे वजन जाईल.

चुका होतात हे साऱ्या जगाला माहीत आहे. अमेरिकेत १९७० पासून असा कायदा आहे. तिथल्या व्यापार आयोगाने २०१२ साली अभ्यास केला तेव्हा पाचांतल्या एका माणसाच्या निदान एका अहवालात चूक निघाली. जिथे पत्ते पक्के आणि जन्मतारखा खऱ्या, तिथे ही गत. आमच्या '१ जून' वाल्या मुलखात काय असेल?

म्हणून आमचा आक्षेप एकाच ठिकाणी आहे. चूक लिहिणारा निवांत आणि चूक खोडणारा रानोमाळ, हा न्याय उलटा आहे. शंभर रुपये रोज हा त्याला लावलेला पहिला लगाम. तो ओढायचे काम आपले.

जिल्हा बैठकीपुढे

बैठकीत पुढील ठराव मांडावेत असे आम्ही सुचवतो.

१. प्रत्येक गावात दोन तरुण, त्यांत एक मुलगी, यांनी खरिपाच्या कर्जवाटपाआधी आठवडाभर बसून गावातल्या प्रत्येक कर्जदाराचा अहवाल काढून द्यावा. कोणाचा अहवाल चव्हाट्यावर वाचू नये, ज्याचा त्याच्या हाती द्यावा.

२. चुकीच्या नोंदींचे अर्ज गावाने एकाच दिवशी, एकत्र जाऊन शाखेत द्यावेत. एकट्याला उद्या ये म्हणता येते, चाळीस जणांना म्हणता येत नाही.

३. प्रत्येक गावाने एक वही घालावी : अर्जाची तारीख, एकविसावा दिवस, तिसावा दिवस, निकाल, भरपाई. पुढच्या बैठकीत ती वही आणावी.

४. बँकांकडे मागणी करावी की कर्ज फिटताच न मागता बेबाकी दाखला द्यावा, आणि सिबिलच्या कारणाने अर्ज नाकारला तर कारण मराठीत, लेखी, कोणत्या खात्यामुळे ते सांगून द्यावे.

५. सरकारकडे मागणी करावी की कर्जमाफीची रक्कम बँकेला देताना नोंद दुरुस्त केल्याचा पुरावा बँकेकडून घ्यावा.

यातला पहिला, दुसरा आणि तिसरा ठराव अमलात आणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. चौथा आणि पाचवा मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर गावागावांतल्या त्या वह्या भरत राहू द्या. सावकाराच्या वहीला उत्तर द्यायचे तर आपली वही हवी.